बिनशिट्टीचं पाणी

कांताबाईला शिट्टी वाजवता येते, हे लोहाऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि त्यावरून तिला चिडवलं नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. ऑटोवाले तिला पाहून मुद्दाम ओठ गोल करतात, विहारातल्या बाया पदराआड हसतात. कांताबाई काय, ऐकून घेणाऱ्यातली थोडीच आहे! "मारा ना लेकहो, मारा. तुमच्या शिट्टीनं एक बकरी तरी पाणी पेते का, ते सांगा," असं म्हणते आणि आपल्या वाटेनं निघून जाते.

आता बाईमाणसाला शिट्टीचं काय काम, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. तर त्याचं असं आहे, की आपल्याकडे बैलाला पाणी पाजायचं म्हणजे नुसती बादली पुढे सरकवून भागत नाही. धनी बाजूला उभा राहतो, हळू, लांब शिट्टी घालतो, आणि त्या शिट्टीवर बैल मान खाली घालून पितो. शिट्टी थांबली की बैलही थांबतो. बापानं केलं, आज्यानं केलं, म्हणून करायचं. काहून करता, असं कोणी विचारलं तर सांगता कोणालाच येत नाही.

कांताबाईचा नवरा उकंडा दारव्ह्याला बंडी, म्हणजे मालाची बैलगाडी, हाकायचा. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्यांची पोती, एरवी कुणाच्या जनावरांचं कुटार, कुणाच्या विटा. बैल दोन, मोऱ्या आणि कबऱ्या. उकंडाची शिट्टी अशी होती की बैलं तहान नसतानाही दोन घोट जास्त प्यायची, असं कांताबाई अजून सांगते. मग टेम्पो आले, बंडीला कोणी विचारेना. मोऱ्या गेला. आणि एका हिवाळ्यात कावीळ पोटात उतरून उकंडाही गेला.

त्याच्या मागे कबऱ्या बादलीपुढे नुसता उभा राहायचा. पाण्याला तोंड लावायचा आणि मान वर करून इकडेतिकडे बघायचा. कांताबाईनं चुचकारलं, पाठीवरून हात फिरवला, शिव्याही दिल्या. शेवटी ती गोठ्याच्या मागे जाऊन शिट्टी शिकायला लागली. लहानपणी तिनं ओठ तसे केले असते तर आईनं थोबाडीत दिली असती, आणि आता पन्नाशीची बाई भिंतीकडे तोंड करून फूफू करते आहे! नुसती हवा जायची. पण एका संध्याकाळी निघाली बाई शिट्टी, वाकडीतिकडी, अर्धी फाटलेली. कबऱ्यानं कान टवकारले, मान खाली घातली आणि बादली रिकामी केली. कांताबाई तिथंच खाली बसून हमसून हमसून रडली.

बैल विकून टाक, असं सांगणारे सगळेच होते. तिनं विकला नाही. यवतमाळजवळ, लोहाऱ्याच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला, म्हाताऱ्या जनावरांसाठी कोणीतरी भल्या माणसांनी एक आसरा काढला होता. तिथं तिनं कबऱ्याला नेलं आणि शेणपाण्याच्या कामाला स्वतःही तिथंच राहिली. तिथला जुना गडी रामधन अजून सांगतो, "बैल भरती कराले आली, अन् सोताच भरती होऊन गेली."

सगळं सुरळीत चाललं होतं. एकच काटा होता, पण तो फार आत रुतलेला. तिची एकुलती एक लेक प्रियंका राजूरला राहते. जावई संघदीप खाणीत पाळीवर जातो. मागे प्रियंकाला टायफॉइड झाला तेव्हा कांताबाई धावत गेली होती. पण इकडून रामधनचा फोन आला, कबऱ्यानं पाण्याला तोंड लावलं नाही. लेकीचा ताप उतरला नव्हता, आणि ही बाई पिशवी उचलून परत निघाली. प्रियंका भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "जाय माय. थो तुही वाट पाह्यत असन."

त्यानंतर प्रियंकानं तिला कधी ये म्हटलं नाही. सणावारी फोन करायची, जय भीम म्हणायची, तब्येत विचारायची. या उन्हाळ्यात तिला दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. सासू हयात नाही, घरात लहानगी उर्वशी, आणि नवऱ्याच्या पाळ्या. बुद्धपौर्णिमेच्या आसपासची तारीख डॉक्टरनं दिली होती. एके दिवशी प्रियंकानं फोनवर खूप वेळ इकडचं तिकडचं केलं आणि मग विचारलं, "येशीन का वं माय, महिनाभर?" कांताबाईच्या तोंडून "पाह्यतो" एवढंच निघालं. तोंडातून गेल्यावर तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, पण शब्द तर गेला होता.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. रामधनला शिट्टी शिकवून पाहिली. त्याची शिट्टी सिनेमाच्या थेटरातली, कबऱ्या बिचकून मागं सरला. मग फोनमध्ये आपली शिट्टी भरून ती वाजवून पाहिली. कबऱ्यानं कान टवकारले, फोनच्या मागं कांताबाई कुठं लपली आहे ते शोधलं, आणि ती दिसेना तेव्हा पाणी न पिता गव्हाणीकडे निघून गेला. बैलासमोर माणूस कसा हात टेकतो ते त्या दिवशी रामधननं पाहिलं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आसऱ्यात अनघा आली.

अनघा यवतमाळचीच, नोकरदार घरातली. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, आणि ही पोरगी पुण्याला शिकून जनावरांसाठी मशिनी बनवायला निघालेली. म्हणजे जनावरांवर चालवायच्या नाहीत हं, जनावरांनी चालवायच्या! कांताबाईला आधी ही थट्टाच वाटली.

"बैल मशीन चालवन? अन् आमी काय करू, कुटार खाऊ?"

अनघा हसली. "काकू, माणूस मशीन आपल्या सोयीनं बनवतो आणि जनावराला तिच्यासमोर नेऊन उभं करतो. मला ते उलटं करायचंय. त्याला काय हवं, कधी हवं, ते त्यानंच सांगायचं. ते सांगायला त्याला काहीतरी साधन द्यायचं."

"असं कोणी केलं हाय का आधी?"

"थोड्या लोकांनी. अजून सगळेच चाचपडतायत."

"म्हंजे तुलेबी मालूम नाही."

"नाही ना!"

हे तिचं 'नाही ना' कांताबाईला आवडून गेलं. शिकलेली पोरगी, पण आव आणत नव्हती. त्या दिवसापासून अनघासाठी ताकाचा एक पेला वेगळा निघायला लागला.

यंत्र तसं साधं होतं. जनावराच्या नाकाच्या उंचीला एक फळी. नाकानं ढकलली की जमिनीखालच्या टाकीतलं गार पाणी खालच्या घमेल्यात पडायचं. शेजारचा नेहमीचा हौद तसाच भरून ठेवलेला. तहानेनं अडवून कोणाला काही शिकवायचं नाही, हा अनघाचा पक्का नियम. वर खांबावर कॅमेरा. पहिल्या फळीतून पिपाणीसारखा आवाज यायचा, तर कालवडी शेपट्या वर करून पळाल्या. दुसरी फळी रबराची होती, ती एका म्हशीनं आरामात चघळून टाकली. तिसरी एका बैलाला मान खाजवायला इतकी सोयीची वाटली की तिचे खिळे निघाले. अनघा दर वेळी डोकं धरून बसायची आणि मग स्वतःच हसायची. चौथी फळी लाकडाची, जाड, गुळगुळीत, ती टिकली.

आणि बया, त्या फळीवर सगळ्यात आधी कोण शिकलं असेल? कबऱ्या! सकाळी कांताबाई गोठा झाडत होती. कबऱ्या आला, त्यानं फळी हुंगली, नाकानं ढकलली. पाणी पडलं. मान खाली घातली आणि प्याला. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. अनघा टाळ्या पिटत अंगणभर नाचली. कांताबाईला तर काय करू आणि काय नको असं झालं. तिनं तडक राजूरला फोन लावला.

"प्रियंका, येऊन राह्यली मी. महिनाभर राह्यतो. कबऱ्या मशिनीचं पाणी पेऊन राह्यला!"

पलीकडून प्रियंका हसली. किती दिवसांनी अशी मोकळी हसली होती! मागून उर्वशीचा आवाज आला, "आजी येते, आजी येते." कांताबाईनं त्याच दिवशी मेथीच्या लाडवांची तयारी केली आणि ट्रंकेतून जुनी मऊ लुगडी काढून बाळासाठी दुपटी शिवायला घेतली.

दोन दिवसांनी अनघानं तिला हाक मारली. चेहरा पडलेला. आधी तिनं कॅमेऱ्यातली सगळी चित्रं आवाज बंद करूनच पाहिली होती. पत्र्यांचा खडखडाट, कावळे, कारखान्याचा भोंगा, कोण ऐकत बसणार? त्या दिवशी सहज आवाज सुरू केला होता.

"काकू, हे ऐका."

पडद्यावर कबऱ्या फळीकडे चालला होता. तो जवळ आला आणि कुठूनतरी हळू, लांब शिट्टी आली. कबऱ्यानं फळी ढकलली. शिट्टी चालूच. कबऱ्या पीत राहिला. शिट्टी थांबली, कबऱ्यानं मान वर केली.

"हे कोण मेलं शिट्टी मारून राह्यलं?" कांताबाई भडकली. "रामधन असन! त्याले किती डाव सांगतलं…"

"काकू, तुम्ही."

"मी? मी तं झाडत होती!"

अनघानं दुसरं चित्र लावलं, तिसरं लावलं. प्रत्येकात तेच. कबऱ्याचं तोंड पाण्याकडे वळलं की शिट्टी हजर. कांताबाईच्या ओठांनी तिला न विचारताच आपलं काम केलं होतं. वर्षानुवर्षांची सवय, ती काय कॅमेरा बसवला म्हणून सुटते? आणि अनघाही रोज तिथंच बसलेली. तिनं ती शिट्टी रोज ऐकली होती, पण काकू आपल्या नादात आहेत असं समजून सोडून दिली होती. रामधननं हे ऐकलं आणि हसून हसून त्याला ठसका लागला. मग त्याचं कांताबाईच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि तो गपचूप कुटार उचलायला गेला.

"म्हंजे थो आपल्या मनानं पेलाच नाही," कांताबाई म्हणाली.

"तुमच्या शिट्टीवर प्यायला. त्याला फळीचं काम कळलंय, पण स्वतःहून पितो की नाही, ते मला माहीत नाही," अनघा म्हणाली. "उद्या तुम्ही दूर जा. बघू."

"दूर नाही जाणार. माह्या डोयासमोर होऊ दे. नाही पेला तं मले दिसलं पाह्यजे."

"पण शिट्टी?"

कांताबाईनं त्यावर रात्रभर विचार केला असणार, कारण सकाळी ती पाण्याचा तांब्या घेऊनच आली. गोठ्यासमोरच्या कडुनिंबाखाली बसली, तांब्यातलं पाणी तोंडात भरलं आणि गाल फुगवून गप्प राहिली. तोंडात पाणी असलं की शिट्टी फुटतच नाही. अनघा तिच्याकडे बघून ओठ चावत हसू दाबत होती, आणि कांताबाई डोळ्यांनीच तिला दटावत होती.

कबऱ्याच्या नेहमीच्या पाण्याची वेळ झाली. तो उठला, फळीपर्यंत आला, थांबला. कांताबाईकडे बघितलं. फार वेळ बघितलं. तिचे गाल फुगलेले, डोळे भरलेले. कबऱ्यानं फळीलाही तोंड लावलं नाही आणि हौदालाही नाही. वळला आणि सावलीत जाऊन बसला.

कांताबाईनं तोंडातलं पाणी थुंकून टाकलं. तिथूनच राजूरला फोन लावला.

"प्रियंका, माह्यानं येणं नाही होत."

पलीकडून "बरं माय" एवढंच, आणि फोन बंद.

ते 'बरं' कांताबाईच्या काळजाला चरचर करत गेलं. ती ताडकन उठली आणि कबऱ्याकडे निघाली. "चाल रे, उठ. पाजतो तुले. कायले उपाशी तापाशी राह्यतं?"

अनघा मध्ये आली. "काकू, त्याला तहान लागली आहे, की तुम्हाला वाटतंय?"

नाकाला मिरच्या झोंबल्या कांताबाईच्या! "मले वाटते? अवं पोरी, तुह्या जन्माआधीपासून आमी बैलं पाजून राह्यलो! या टायमाले पाणी म्हंजे या टायमाले पाणी. उन्हाचा बैल मेला मंग? तू देशीन का आणून?"

"हौद भरलेला आहे, फळी आहे. पाणी त्याच्यापुढेच आहे. थोडं थांबू या."

कांताबाई धुसफुसत पुन्हा कडुनिंबाखाली बसली. माझी भाकर खाऊन होईतोवर थांबतो, वर एक घडी नाही, असं तिनं बजावलं. आणि मग बाई ती भाकर इतकी सावकाश खायला लागली, एकेक घास असा चावायला लागली, की रामधनलाही समजलं. तिलाही थांबायचंच होतं.

ऊन डोक्यावर आलं. पत्रे तापून कडकड वाजू लागले, कावळेही गप्प झाले. यवतमाळचा वैशाख म्हणजे काय असतो ते काय सांगायचं. या वेळेला माणूस दार लावून घरात पडतो. कांताबाईही रोज या वेळेला आपल्या खोलीत पडायची. कबऱ्या सावलीत झोपलेला असतो, एवढंच तिला ठाऊक.

कबऱ्या उठला.

कांताबाईनं घाईघाईनं तांब्या तोंडाला लावला आणि गाल भरले. कबऱ्या हौदाशी आला, पाणी हुंगलं. तापलेलं होतं, नाक फुरफुरून त्यानं तोंड फिरवलं. मग भर उन्हातून फळीपाशी आला. या वेळेला त्यानं कोणाकडे बघितलं नाही. नाकानं फळी ढकलली. गार पाणी घमेल्यात पडलं. तो प्याला. थांबला, श्वास घेतला, पुन्हा फळी ढकलली, पुन्हा प्याला. कोणतीही शिट्टी नाही, घाई नाही. त्याच्या गळ्याखालून घोट जाताना दिसत होते. तिसऱ्यांदा फळी ढकलली तेव्हा तो पाणी प्यायला नाही. नुसतं नाक पाण्यात बुडवून उभा राहिला, डोळे मिटून.

कांताबाईनं तोंडातलं पाणी गिळलं. तिला कळलंही नाही.

"थो या टायमाले तहानतो वं," ती म्हणाली. "दुपारी तहानतो. अन् मी सकाळी पाजून राह्यली, संध्याकाळी पाजून राह्यली. माह्या झाडलोटीच्या टायमावर. अन् दुपारभर थो बिचारा कोरडा पडून राहे. मी म्हणे, झोपला."

"मलाही आत्ताच कळलं, काकू," अनघा हळूच म्हणाली. "सकाळी तो तुमच्यासाठी पीत असेल. मला नक्की माहीत नाही. एका दिवसावरून काही सांगता येत नाही."

"मेल्या!" कांताबाई कबऱ्यावर ओरडली. "सांगाचं नाही का मग? इतके वर्स?" आणि ओरडता ओरडता तिला रडू आलं. आनंद होता, पण नुसता आनंद नव्हता. आपल्यावाचून या जीवाचं अडतं, याच एका गोष्टीवर ती उकंडा गेल्यावर उभी राहिली होती. लोकांची थट्टा तिनं त्याच जोरावर सोसली होती. लेकीच्या आजारपणातून या बैलासाठी उठून आली होती. आणि तो तर पाण्यात नाक घालून मजेत उभा होता! तिला लाज वाटली, रागही आला, आणि त्याच्या त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून मायाही आली.

त्या आठवड्यात कबऱ्यानं रोज तेच केलं. सकाळी नाही, संध्याकाळी कधी एखादा घोट, आणि भर दुपारी पोटभर. एका दुपारी तर कांताबाई मुद्दाम खोलीत जाऊन दार लावून बसली. अनघानं नंतर तिला चित्र दाखवलं, आवाजासकट. कावळे होते, पत्रे होते, शिट्टी कुठंच नव्हती. कबऱ्या पीत होता.

कांताबाई बाहेर येऊन पायरीवर बसली. फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी राजूरला लावला.

"हॅलो, प्रियंका."

"बोल माय. जय भीम."

"बैलाले माही गरज नाही राह्यली," कांताबाई म्हणाली. "खरं सांगतो. नव्हतीच तेवढी. मीच समजून बसलती."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुले हाय का वं?"

पलीकडे प्रियंका रडायला लागली, अगदी लहानपणी रडायची तशी, हुंदके देत, आणि रडता रडताच म्हणाली, "हाय ना माय. तवाबी होती."